छोटा ग्रिल: वरून डांबर, आतून कच्चं. कोळसा आवरायचा कसा?

गच्चीवरचा · सोमवार, सकाळी ७:५०

मंडळी, दिवाळीत हौसेने एक छोटा ग्रिल मागवला. गोल, चौदा इंची, तीन पायांचा, झाकणवाला. गाडीच्या डिक्कीत सहज मावतो. बुडाला हवेची फिरती चकती आहे, झाकणावर तशीच दुसरी. डोक्यात चित्र असं होतं की डिसेंबरची थंडी, गच्चीवर चार खुर्च्या, आणि आपण चिमटा घेऊन ऐटीत उभे.

काल मुहूर्त लागला. साळेसाहेब पुण्याहून आले होते. चिकनच्या तंगड्या सकाळपासून दह्यात मुरत पडल्या होत्या. ग्रिल काठोकाठ भरला, पेटवला, ज्वाळा मस्त उठल्या, तंगड्या चढवल्या. दहा मिनिटांत बाहेरून डांबर. कापून पाहिलं तर हाडाजवळ लालभडक कच्चं. परत ठेवल्या तर चरबी टपकून पुन्हा भडका. तासाभराने सगळ्यांची भूक मेली आणि नेमके तेव्हाच निखारे असे देखणे झाले की काय सांगू. तोवर सावजीचं पार्सल आलं होतं. साळेसाहेब जेवताना एवढंच म्हणाले, "रस्सा छान आहे."

कोळसा कमी पडला की जास्त झाला? जाळी वर-खाली करायची सोय यात नाही. ग्रिलच भंगार निघाला का?

तर्री_जास्त · सोमवार, ८:१०

भाऊ, "रस्सा छान आहे" वाचून चहा नाकात गेला न माझ्या. आता दर दिवाळीले हेच ऐकसान तुम्ही. मी बी असाच एक घेतला होता, दोन खेपेनंतर त्याच्यात तुळस लावली. कोणी जाणकार येते का म्हणून इथंच बसून राहिलो.

रिटायर्ड_भट्टी · सोमवार, ९:३५

ग्रिलला नावं ठेवण्याआधी सांगा: कोळसा कोणता, वजन किती, कशाने पेटवला, पेटवल्यावर किती मिनिटांनी मांस चढवलं. बुडाची चकती उघडी होती की बंद? झाकण लावलं होतं का?

मी हिंगणा एमआयडीसीत ३१ वर्षं ओतशाळेत काढली. माल बिघडला की सगळे आधी भट्टीवर खापर फोडायचे. भट्टी बिचारी बहुतेक वेळा निर्दोष सुटायची.

गच्चीवरचा · सोमवार, १०:०५

काकाजी, पाढा वाचतो. लाकडी कोळसा, दोन किलोची पिशवी, सगळी ओतली. पेटवायला रंगकामातलं उरलेलं थिनर वापरलं. (माहीत आहे, माहीत आहे. पहिल्या तंगडीला दाराच्या चौकटीचा वास होता.) पाच-सात मिनिटांत चढवलं, ज्वाळा चांगल्या होत्या म्हणून. चकती कशी होती ते आठवत नाही. झाकण बायकोने दोनदा लावलं, मी दोनदा काढलं.

रिटायर्ड_भट्टी · सोमवार, ११:२०

थिनर, पेट्रोल, रॉकेल आजपासून बंद. वासाचं एक वेळ सोडा. पेटत्या कोळशावर वरून ओतायला गेलात तर ज्वाळा धारेवरून चढत बाटलीपर्यंत येते. आमच्याकडे एकाच्या भुवया अशाच गेल्या. कापूर वापरा, किंवा कागदाच्या बोळ्यावर चमचाभर खायचं तेल. तेलाचा बोळा वातीसारखा बराच वेळ जळतो.

आता मुख्य. लाकूड अपुऱ्या हवेत भाजून त्यातलं पाणी आणि धूर होणारा बराचसा भाग काढला की कोळसा होतो. बराचसा म्हणतो, सगळा नाही. पेटवल्यावर सुरुवातीची पिवळी ज्वाळा आणि धूर असतो तो त्या उरल्यासुरल्याचा. तुम्ही तंगड्या नेमक्या त्यावर ठेवल्या. ज्वाळा बसून कोळशाच्या अंगावर पांढुरक्या राखेचा पातळ पापुद्रा धरला, आणि फटींतून लाल दिसू लागलं, की निखारा झाला. तुमच्या ग्रिलला वीस मिनिटं तरी द्या. तुम्ही ज्याला "आता उशीर झाला" म्हणालात ती तुमची सुरुवात होती.

आच किती असेल ते ढिगावर कमी आणि हवेवर जास्त ठरतं. आम्ही भट्टीत कोक तेवढाच ठेवून नुसता ब्लोअर कमी-जास्त करायचो. रंगावर नजर असायची: गर्द लाल म्हणजे सातशेच्या आसपास, संत्र्याच्या रंगावर गेला की नऊशेच्या पुढे. तुमची खालची चकती म्हणजे ब्लोअरचा व्हॉल्व्ह आणि वरची म्हणजे धुराडं. वरची बंद केली तर खालची सताड उघडी ठेवून काही उपयोग नाही, कारण आतली हवा हलतच नाही. मी वरची निम्मी तरी उघडी ठेवतो आणि आच खालच्या चकतीने ठरवतो. झाकण काढलंत की ही सगळी यंत्रणा मोडते, निखाऱ्यांना चहूबाजूंनी हवा मिळते आणि चरबीला भडका. म्हणजे तुमच्या बायकोचं बरोबर होतं.

छोट्या ग्रिलची खरी अडचण जागेची. निखारे आणि जाळी यांत जेमतेम चार बोटं अंतर, तेही तुम्ही कोळशाने भरून टाकलंत. पाऊण किलो पुरे, आणि तोही निम्म्या भागात. उरलेला निम्मा भाग मोकळा ठेवा. तंगडीला निखाऱ्यावर रंग आणायचा, मग मोकळ्या बाजूला सरकवायची आणि झाकण लावून विसरून जायचं. मग तिला झाकणाची, भिंतींची, गरम हवेची आच लागते. हाडापर्यंत तीच पोचते.

आच मोजायला जाळीच्या चार-पाच इंच वर तळहात धरून सावकाश आकडे मोजा. दोन-तीनला हात ओढला तर कडक, पाच-सहाला मध्यम, दहाला मंद.

इतवारीकर · सोमवार, दुपारी १:१५

काकाजींना दंडवत. मी फक्त मालाबद्दल बोलतो.

किराण्यातल्या पिशवीत बरीचशी भुकटी असते. ती खाली बसून हवेची भोकं बुजवते. त्यापेक्षा तुमच्या गल्लीतल्या कोळशाच्या इस्त्रीवाल्याला विचारा, तो माल कुठून आणतो. तो कधी खराब कोळसा घेत नाही, ठिणगी उडाली तर लोकांच्या शर्टाला भोक. टालीवर (लाकूड-कोळशाच्या वखारीवर) गेलात तर दोन तुकडे एकमेकांवर आपटा. चांगला कोळसा खणखणीत वाजतो आणि तोडला तर आत काळा, चकचकीत. आत तपकिरी दिसला तर कच्चा राहिलेला आहे, धूर करणार. आवाज बद्द आला तर ओलावा आहे. बाभळीचा मिळाला तर पुढे जाऊच नका.

दगडी कोळसा चुकूनही नको. आपल्याकडे उमरेडला खाणी, वेकोलिचं (वेस्टर्न कोलफिल्ड्स, सरकारी कोळसा कंपनी) मुख्यालय नागपुरात सिव्हिल लाइन्सला, त्यामुळे कोणी ना कोणी "माझ्याकडे पोतंभर पडलाय" म्हणतोच. त्यात गंधक असतो. त्याच्या धुरावर अन्न भाजायचं नाही.

सदाशिव_ते_सदर · सोमवार, २:००

(पुण्यातून नागपुरात आलो त्याला नऊ वर्षं झाली, तरी मला पुणेकरच म्हणतात. असो.)

ब्रिकेटचं नाव कोणीच कसं घेतलं नाही? कोळशाची भुकटी स्टार्चने बांधून दाबलेल्या वड्या. सगळ्या एकाच मापाच्या, त्यामुळे मोजून टाकता येतात. पेटायला उशीर, पण एकदा पेटल्या की तासभर आच हलत नाही. हेन्री फोर्डने १९२० च्या दशकात मोटारींच्या लाकडी भागांतून उरलेलं लाकूड वाया जाऊ नये म्हणून मिशिगनमध्ये ब्रिकेटचा कारखाना काढला आणि मोटारींच्या विक्रेत्यांकडूनच ते विकले. आणि धागाकर्त्याचा झाकणवाला गोल ग्रिल हाही तिकडचाच वंश. शिकागोच्या पत्र्याच्या कारखान्यातल्या जॉर्ज स्टीफनने १९५२ मध्ये समुद्रावरच्या बोयासाठी बनणारे लोखंडी अर्धगोल घेऊन पहिला बनवला. उघड्या शेगडीवर वारा आणि राख यांनी त्याला पिडलं होतं.

तेव्हा झाकण ही शोभेची वस्तू नाही, हे माझंही मत.

इतवारीकर · सोमवार, २:२५

ब्रिकेटची राख किती पडते तेही सांगा की साहेब. चौदा इंची भांड्यात दीड तासात बुडाची भोकं बुजतात, मग बसा काडीने उकरत.

सदाशिव_ते_सदर · सोमवार, २:३१

उकरतो. पण तुमच्या बाभळीसारखा कोणाच्या स्वेटरवर ठिणग्या उडवत नाही.

माहेर_वर्धा · सोमवार, ४:४०

सगळे आच वाढवायच्याच गोष्टी करून राहिले. कमी कशी करायची ते माझ्या आजीला विचारायचं.

शेतात रोडग्यांचा बेत असला की ती गोवऱ्या रचून पूर्ण पेटू द्यायची. ज्वाळा बसली की काठीने निखारे पसरायचे, त्यात मुठीएवढे रोडगे खुपसायचे आणि वरून गरम राखेचं पांघरूण. आत कणकेचे पदर असतात. उघड्या निखाऱ्यावर ठेवला तर बाहेर कोळसा, आत पीठ, अगदी तुमच्या तंगड्यांसारखा. आजीकडे घड्याळ नव्हतं, ती वास घ्यायची. "पिठाचा वास गेला, भाजक्याचा आला" की एक उकरून काढायचा, फडक्यात धरून झटकायचा, दाबला की फुटायचा. आतून वाफ. त्यात तूप, शेजारी वांग्याची भाजी. लिहितानाच भूक लागली बाई.

सांगायचं म्हणजे राख फेकायची घाई करू नका. आच जास्त वाटली तर निखाऱ्यावर पळीभर राख भुरभुरायची, बसते. हवी असेल तर चिमट्याने निखारा ठोकून राख झाडायची, पुन्हा लाल होतो. भडक्यावर पाणी मात्र मारू नका, राख उडून सगळी तंगडीवर बसते.

भरताचं वांगं जाळीवर वगैरे नाही, सरळ निखाऱ्यात. दोन चिरा द्यायच्या, नाहीतर फुटतं.

गणिताचे_मास्तर · सोमवार, रात्री ८:५५

माहेर_वर्धा ताई, आजींचं राखेचं पांघरूण भौतिकशास्त्राला धरून आहे. राख उष्णता अडवते आणि हवाही अडवते, म्हणजे दुहेरी काम.

जाळी वर-खाली होत नाही म्हणून धागाकर्ते खंतावले आहेत, त्यांच्यासाठी थोडं गणित. अंतर दीडपट केलं की आच निम्म्याहून कमी होईल, असा व्यस्त वर्गाचा नियम लोक सांगतात. तो बिंदूसारख्या उगमाला लागू. इथे तीस सेंमी रुंद निखाऱ्यांचा थर जाळीपासून आठ सेंमीवर आहे. अशा चकतीच्या मध्यावर पोचणारा भाग हिशेबाने सुमारे ७८ टक्के येतो. अंतर आठचं बारा केलं तर ६१ टक्के. एवढी जाळी उचलून जेमतेम पाचवा हिस्सा कमी.

याउलट निखाऱ्याचं तापमान. त्यातून फेकली जाणारी उष्णता केल्विनमधल्या तापमानाच्या चौथ्या घाताने बदलते. ८०० केल्विनचे ९०० झाले, म्हणजे सेल्सिअसमध्ये ५२७ चे ६२७, तर उष्णता १.६ पट. पंख्याचे चार फटके मारले की मांस का करपतं ते यातून कळेल. जाळीचं दुःख करू नका, चकती फिरवा.

तर्री_जास्त · सोमवार, ९:०२

सर, बारावीले तुम्ही असते तर मी नापास झालो नसतो.

रात्रपाळी · मंगळवार, पहाटे ३:२०

वॉर्ड शांत आहे म्हणून लिहिते. ग्रिल गच्चीवर ठेवता हे वाचून बरं वाटलं, तो तिथेच राहू द्या. थंडी वाढली की लोक निखारे विझले असं समजून सिगडी खोलीत आणतात, दार लावून झोपतात. धगधगणाऱ्या निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतच असतो. त्याला वास नाही, रंग नाही. रक्तातलं हिमोग्लोबिन त्याला ऑक्सिजनच्या दोनशे पटींहून जास्त घट्ट धरतं. आधी डोकं दुखतं, मळमळतं, मग झोप येते, आणि माणसाला वाटतं थकलोय म्हणून झोप येतेय. धूर नसलेला निखारा सुरक्षित, हा गैरसमज आहे. काचा लावून बंद केलेली बाल्कनी म्हणजेही खोलीच. तंबूही तसाच, पेंचकडे कॅम्पिंगला जाणाऱ्यांनी लक्षात ठेवावं.

उपदेश संपला. तंगड्यांचं पुढे काय झालं ते लिहा, सकाळी वाचते.

गच्चीवरचा · बुधवार, रात्री ११:१०

रात्रपाळी ताई, धन्यवाद. बाल्कनीचा विचार पावसाळ्यासाठी डोक्यात होता, तो काढून टाकला.

आज एकट्याने चाचणी घेतली. पाहुणे नाहीत, फक्त आठ वर्षांची लेक, ती स्टूलवर बसून आकडे मोजायला. कापूर आणि तेलाचा बोळा, पाऊण किलो कोळसा एका बाजूला. बावीस मिनिटांनी पापुद्रा धरला. हात धरला, लेकीने तीन म्हणताच ओढला. दोनच तंगड्या चढवल्या. दोन्ही बाजूंनी रंग आला, तपकिरी, करपल्याचं नाव नाही. मोकळ्या बाजूला सरकवल्या, झाकण लावलं.

इथपर्यंत शहाण्यासारखा वागलो. मग दर तीन मिनिटांनी झाकण उघडून "झालं का" बघत बसलो. पंधरा मिनिटांनी निखारे थंडावले असं वाटलं म्हणून वरून चार मूठ नवा कोळसा टाकला. पुन्हा धूर, पुन्हा ज्वाळा. तो पेटेपर्यंत सगळं गार. शेवटी तंगड्या घरात नेऊन कुकरला लावल्या. लेक म्हणाली, "बाबा, कुकरमध्येच करायच्या होत्या तर थंडीत कशाला बसलो?"

आणि एक सांगायचं राहिलं. रविवारी ग्रिल गच्चीच्या फरशीवर ठेवला होता. आज उचलला तर खाली फरशीचे दोन तुकडे उडालेले. घरमालकांना अजून माहीत नाही. ते हा धागा वाचत नसावेत अशी आशा.

रिटायर्ड_भट्टी · गुरुवार, सकाळी ६:४०

अर्धी लढाई जिंकलात. पापुद्रा, हात, सरकवणं, तिन्ही बरोबर. उरलेलं सांगतो.

झाकण उघडलं की साठलेली गरम हवा एका झटक्यात जाते, पुन्हा साठायला काही मिनिटं लागतात. तीन मिनिटांनी उघडत राहिलात म्हणजे ती कधी साठलीच नाही. पंधरा मिनिटं हात मागे बांधून उभे राहा.

निखारे थंडावले असं वाटलं तेव्हा बहुतेक राखेनेच गुदमरले असतील. ताई म्हणाल्या तसं चिमट्याने ठोकायचं, खालची चकती दोन-तीनदा हलवून राख पाडायची. छोट्या भांड्यात राखेला जायला जागा नसते.

नवा कोळसा गार असतो, तो आधी शेजारच्या निखाऱ्यांची उष्णता पितो. म्हणून घालायचाच असेल तर पेटवूनच घाला. त्यासाठी जुगाड: वनस्पती तुपाचा पत्र्याचा डबा, वरचं झाकण कापलेलं, बुडाला आणि बुडालगत भरपूर भोकं. आत तळाशी कागदाचे दोन बोळे, वर कोळसा. डबा दोन विटांवर ठेवा, खालून काडी लावा. धुराड्यासारखी खालून हवा ओढतो, पंधरा-वीस मिनिटांत तयार. ओतताना सांडशी आणि जाड कातडी हातमोजे. डबा पहिल्यांदा मोकळ्यावर रिकामाच तापवा म्हणजे रंग जळून जाईल. जस्ताचा मुलामा असलेली बादली त्यासाठी वापरू नका, जस्ताचा धूर वाईट. ओतशाळेत त्याने ताप चढलेली माणसं पाहिली आहेत.

फरशीचं कारण ग्रिलचं बूड. ते जमिनीपासून जेमतेम तीन-चार इंच असतं, आणि गच्चीच्या सिमेंटात ओलावा मुरलेला असतो. त्याची वाफ होऊन टवके उडतात. खाली विटांचे दोन थर द्या, विटांमध्ये बोटभर फट ठेवून, म्हणजे मधून हवा खेळते.

घरमालकांना सांगून टाका. त्यांनाही एक तंगडी द्या.

बहार_आंबिया · गुरुवार, ११:५०

काटोलहून लिहितोय. आमच्या बागेत संत्र्याच्या छाटणीचा ढीग असतो. अंगठ्याएवढ्या जाडीच्या काटक्या वर्षभर सावलीत वाळवल्या की निखाऱ्यावर दोन तुकडे टाकायचे, गोडसर हलका धूर येतो. जास्त टाकल्या तर कडू होतं. नुकती फवारणी झालेल्या बागेतल्या घेऊ नका, आणि प्लायवूडचे तुकडे तर कधीच नाही, त्यात डिंकाची रसायनं असतात. नागपूरला येणं झालं की पिशवीभर आणून देतो.

तर्री_जास्त · गुरुवार, १२:१५

काकाजी, माझी बी अडचण सोडवा. तुळस काढून ग्रिल पुन्हा मांडला काल. चिकनले घरचा सावजी मसाला थापला, बोटभर. मसाला जळून कडू, खाली चिकन पांढरंफट्ट. आई म्हणे हा धुपाटणा बंद कर.

माहेर_वर्धा · गुरुवार, १२:४०

अरे बाबा, त्या मसाल्यात खसखस, खोबरं, भाजलेला मसाला. तो आधीच एकदा भाजलेला आहे, निखाऱ्यावर दुसऱ्यांदा काय होणार? मीठ, हळद, दही, आलं-लसूण एवढंच लावून भाज. मसाला तेलात परतून वाटीत ठेव आणि शेवटच्या पाच मिनिटांत ब्रशने लाव. साखर, मध असेल तरी तसंच, शेवटी.

आणि तुळस कुठे ठेवली? कुंडीत लाव आधी.

गच्चीवरचा · रविवार, रात्री ११:३०

साळेसाहेब शनिवारी पुण्याला परत जाणार होते, तिकीट पुढे ढकलायला लावलं.

डबा करून घेतला, रिकामा तापवला, गल्लीत दोन मिनिटं रंगाचा वास पसरला. इस्त्रीवाल्या काकांकडून पत्ता घेऊन टालीवरून बाभळीचा कोळसा आणला. इतवारीकर, तो खरंच खणखणतो. विटांचे दोन थर. गार वारा होता म्हणून ग्रिल पाण्याच्या टाकीच्या आडोशाला ठेवला.

सात वाजून दहा मिनिटांनी डब्याला काडी लावली. आधी खालून भुरका धूर, मग वरच्या तुकड्यांच्या फटींतून निळसर ज्वाळा, मग हळूहळू धूर संपला आणि डब्याच्या तोंडावरची हवा नुसती थरथरायला लागली. साडेसातला ओतला. एका बाजूला लावला, मोकळ्या बाजूला टपकणाऱ्या चरबीसाठी जुनी पितळी ताटली ठेवली. बायको म्हणाली ताटली चांगली होती. होती.

सहा तंगड्या. रंग आणायला सात मिनिटं, त्यात एकदा भडका उठला. पाण्याकडे हात गेला होता, मागे घेतला, झाकण ठेवलं, बसला. मग मोकळ्या बाजूला सरकवल्या, संत्र्याचे दोन तुकडे (बहार_आंबिया शुक्रवारी स्वतः आणून देऊन गेले, चहा पण घेतला नाही), झाकण, खालची चकती निम्मी, वरची पूर्ण उघडी. लेकीला झाकणाची राखणदार नेमलं. साळेसाहेब दोनदा उघडायला गेले, तिने दोनदा हटकलं.

पंधरा मिनिटांनी एकदाच उघडलं, तंगड्या फिरवल्या, चिमट्याने निखारे ठोकले. राख खाली पडली आणि ते जे लाल झाले! मास्तरांचा चौथा घात डोळ्यांनी पाहिला. पस्तिसाव्या मिनिटाला सुईचा तापमापक सगळ्यात जाड तंगडीत, हाडाला न टेकवता, खुपसला. ७४ पाहिजे होतं, ७९ आलं. काढल्या. कापली तेव्हा रस पाण्यासारखा, गुलाबी कुठेच नाही.

उरलेल्या निखाऱ्यात वांगं टाकलं, चिरा देऊन. घरमालकांनी दोन तंगड्या खाल्ल्या आणि फरशीचं ऐकून "बघू" म्हणाले. साळेसाहेबांनी एक संपवली, दुसरी उचलली, तीही संपवली. काही बोलले नाहीत. हाडं मात्र चोखत होते.

साडेदहाला दोन्ही चकत्या बंद केल्या. पाणी नाही मारलं, पत्रा वाकतो म्हणतात.

रिटायर्ड_भट्टी · सोमवार, सकाळी ६:३५

हवा तोडली की विझतात, आणि उरलेला कोळसा पुढच्या वेळी डब्यात नव्याबरोबर वापरता येतो. नव्यापेक्षा लवकर पेटतो. राख पूर्ण गार झाल्याशिवाय कचऱ्याच्या गाडीत देऊ नका. तिच्या पोटात निखारा दुसऱ्या दिवसापर्यंत जिवंत राहतो.

गच्चीवरचा · सोमवार, ७:१५

राख लोखंडी बादलीत, झाकण लावून, टाकीमागे ठेवली आहे. उद्याच देईन. कोळशाचं म्हणाल तर आत्ता झाकण उघडून पाहिलं. अकरा तुकडे शिल्लक, त्यातले चार चांगले मोठे.

तर्री_जास्त · सोमवार, ७:२०

अकरा मोजले? भाऊ, आता तुम्ही गेले कामातून.